कशाला लागतो तुला?

घरी बरीच माणसं जमली होती. कुणीतरी भलं मोठं पार्सल घेऊन आलं होतं आणि त्याला चिकटपट्टीचे असे वेढे मारले होते की ते कधी उघडलं जाऊच नये. कात्रीची शोधाशोध सुरू झाली. आमच्याकडे कात्री तिच्या जागेवर कधीच नसते. एकाने किल्लीने खरवडून पाहिलं, दुसऱ्याने दाताने. तेवढ्यात माझ्या सतरा वर्षांच्या भाचीने खिशातून एक छोटा घडीचा चाकू काढला, नखाने पातं उघडलं, पट्टीवरून एकदा फिरवलं, पातं ओढणीला पुसलं, मिटलं आणि चाकू परत खिशात टाकला. चहाचा घोट गिळायला लागतो तेवढ्यात हे सगळं झालं. पण खोलीतलं बोलणं थांबलं होतं. मग एक वडीलधारे गृहस्थ कौतुकाने म्हणाले, "शाब्बास! मुलींनी असं काहीतरी जवळ ठेवायलाच हवं. दिवस कसे आलेत!" माना डोलल्या. भाची म्हणाली, "पेन्सिलींसाठी आहे तो, काका." ते कुणी ऐकलं नाही. तिच्या शेजारी तिच्याच वयाचा तिचा चुलतभाऊ बसला होता. त्याच्याकडे बोट दाखवून कुणीतरी बजावलं, "तू मात्र असलं काही घेऊन फिरायचं नाही हं."

पार्सलमध्ये काय होतं ते मी विसरले. ही दोन वाक्यं मात्र विसरता येत नाहीत.

तिचं उत्तर खरं होतं, हे आधी सांगायला हवं. ती चित्रं काढते. टोकयंत्रातून निघणारं आखूड, गुबगुबीत टोक तिला चालत नाही. तिला लाकूड लांबवर सोलून काढून आतलं शिसं चांगलं दीड-दोन सेंटिमीटर उघडं हवं असतं, म्हणजे पेन्सिल आडवी धरून सावली भरता येते आणि उभी धरून केसासारखी रेघ मारता येते. कोळशाच्या पेन्सिलीची तर टोकयंत्रात वाटच लागते. आतली कांडी तुटून तुटून निम्मी पेन्सिल कचऱ्यात जाते. चाकूने हे काम करताना तिच्याकडे पाहत बसावं. डाव्या हाताचा अंगठा पात्याच्या पाठीवर, उजवा हात जवळजवळ स्थिर, आणि पेन्सिल मागे मागे सरकत जाते. लाकडाची पातळ वळी सुटते, तिचा तो कोरडा, गोडसर वास येतो. धार चांगली असली तर आवाजही होत नाही. बोथट असली तर करकर वाजते आणि लाकूड सोलण्याऐवजी तुटतं. धार उतरल्याचं तिला हाताच्या आधी कानाला कळतं.

मी तिची मावशी. चाकूचं हे वेड तिला माझ्याकडून लागलं असा माझ्या बहिणीचा आरोप आहे आणि त्यात तथ्य आहे. माझा पहिला चाकू मला कुणी दिला नव्हता. खिळे, स्क्रू, वायसर आणि कशाचेच नसलेले नट ज्या डब्यात पडून असतात, तशा डब्यात तो सापडला. मुठीच्या एका बाजूची पट्टी गेलेली, पातं गंजून तपकिरी, रिव्हेट सैल. पण पाठीची स्प्रिंग शाबूत होती. घडीच्या साध्या चाकूचं सगळं यंत्र त्या स्प्रिंगमध्ये असतं. मुठीच्या पाठीत बसवलेली पोलादाची एक पट्टी पात्याच्या बुडाला सतत दाबून धरते. पातं उघडताना ती किंचित वर उचलली जाते आणि पूर्ण उघडलं की टक्क करून जागेवर बसते. मिटतानाही तसंच. कुलूप नसतं, खटका नसतो, बटण नसतं. पातं उघडं राहतं ते केवळ त्या दाबावर, आणि उलट्या बाजूने जोर पडला की मिटतं, मग मध्ये बोट असो वा नसो. माझं होतं. अंगठ्याच्या मागच्या बाजूची ती पांढरी रेघ अजून आहे, आणि तेव्हापासून पात्याच्या टोकाने काही टोकरायची माझी इच्छा कायमची गेली.

त्या चाकूला मी गंज घासून, दगडावर धार लावून कामाला लावलं. धार लावताना पातं दगडाशी साधारण वीस अंशांत धरायचं, एका बाजूने घासत राहायचं, आणि दुसऱ्या बाजूच्या कडेवर बोटाला जाणवेल न जाणवेल अशी लव उलटली की समजायचं, इकडचं काम झालं. मग बाजू बदलायची. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर उलटं ओढून ती लव झटकायची. कुणी शिकवलं नव्हतं, त्यामुळे पहिल्यांदा मी पात्याची कड गोल करून ठेवली. पण जमलं तेव्हा कागदाचा कपटा हवेत धरून कापून पाहिला, आणि जो आनंद झाला त्यात आणि 'मी आता मोठी झाले' या भावनेत फार अंतर नव्हतं. खिशात वजन होतं. चालताना ते मांडीला लागत होतं. ते वजन मला आवडत होतं, आणि ते केवळ दोऱ्या कापण्यासाठी आवडत नव्हतं.

माणूस हे वजन फार पूर्वीपासून खिशात, कमरेला, पिशवीत वागवत आला आहे. ऑस्ट्रियातल्या हालश्टाट इथे सापडलेला, हाडाच्या मुठीचा घडीचा चाकू अडीच हजार वर्षांपूर्वीचा आहे. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात रोमन काळातलं एक चांदीचं उपकरण ठेवलंय: एकाच मुठीत घडी होणारा चमचा, काटा, टोचा आणि लोखंडी पातं. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सेनरने सैनिकांसाठी चाकू पुरवायला सुरुवात केली ती १८९१ साली. आज जो लाल चाकू सगळं जग ओळखतं त्याचा पूर्वज त्याने १८९७ साली नोंदवला. फ्रान्सच्या साव्हुआ भागात जोसेफ ओपिनेलने लाकडी मुठीचा साधा चाकू बनवला १८९० साली. या चाकूंचा मूळ गिऱ्हाईक कोण, तर शेतकरी, शिपाई, कामगार. आणि त्यांची पोरं. ओपिनेलचा आज मुलांसाठी वेगळा चाकू मिळतो. त्याचं टोक गोल केलेलं असतं, पण धार खरी असते. मला ही तडजोड फार शहाणपणाची वाटते. भोसकता येणार नाही, कापता येईल. ज्याने कुणी हे ठरवलं त्याला लहान मुलांच्या हातांची भीतीही होती आणि त्यांच्यावर विश्वासही होता.

पण पेन्सिलीवरून आठवतं ते जपान. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून 'हिगोनोकामी' नावाचा घडीचा चाकू बनतो. दुमडलेल्या पत्र्याची मूठ, एक पातं, आणि पातं उघडायला मागे आलेली छोटी शेपटी. ना स्प्रिंग, ना कुलूप. उघडं पातं अंगठ्याने दाबून धरायचं. स्वस्त आणि साधा. पिढ्यान्‌पिढ्या शाळकरी मुलांच्या खिशात तो असायचा, आणि त्याचं मुख्य काम होतं पेन्सिलीला टोक करणं. मग १२ ऑक्टोबर १९६० रोजी टोकियोच्या हिबिया सभागृहात, भर सभेत, समाजवादी पक्षाचे नेते इनेजिरो असानुमा यांचा खून झाला. मारणारा सतरा वर्षांचा होता. त्याच्या हातात होती एक आखूड तलवार, पेन्सिलीचा चाकू नव्हे. पण देश हादरला, आणि 'मुलांच्या हाती पातं नको' अशी मोहीम उभी राहिली. हिगोनोकामी दप्तरांतून आणि खिशांतून गेला, वर्गांत टोकयंत्रं आली. तो चाकू बनवणारे एकेकाळी बरेच होते; आज ते नाव लावण्याचा अधिकार असलेला एकच कारखाना उरला आहे. आणि तरीही नागानो प्रांतातल्या एका प्राथमिक शाळेत आजही मुलांना हिगोनोकामी दिला जातो आणि पेन्सिल त्यानेच तासायला शिकवलं जातं.

हे सगळं मी भाचीला सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं: "तलवार त्याची, मग चाकू यांचा का काढून घेतला?"

वय, असं म्हणाले मी. तोही सतरा, तीही सतरा. चाळिशीतल्या माणसाने खुनासाठी काहीही वापरलं असतं तरी चाळिशीच्या सगळ्या माणसांच्या खिशातले चाकू कुणी काढून घेतले नसते. तरुण माणसाकडे नेहमी असंच घाऊक पाहिलं जातं. आणि त्यातही मुलगा असेल तर तो मारेल ही भीती, मुलगी असेल तर तिला कुणी मारेल ही. दोन्ही वेळा तिसरा विचार कुणाच्या मनात येत नाही, की यांना काही कापायचं असू शकेल.

कायदे मात्र मी वाचत गेले, कारण भाचीला उद्या शिकायला बाहेर जायचंय आणि बरोबर काय न्यायचं, काय नाही हे कळायला हवं होतं. वाचताना आधी हसू आलं, मग मजा वाटली. प्रत्येक देशाने पट्टी घेऊन पातं मोजलेलं. इंग्लंडमध्ये १९८८ च्या कायद्याने घडीच्या खिशातल्या चाकूला मुभा आहे, पण धार ३ इंचांपेक्षा, म्हणजे ७.६२ सेंटिमीटरपेक्षा लांब नको. पातं जागेवर अडकवणारं कुलूप असलं तर तो या सवलतीतून बाहेर, पातं कितीही लहान असो. मग जवळ बाळगायला सबळ कारण दाखवावं लागतं. एवढा छोटा, बिनकुलपाचा चाकू मात्र तिथे अठराच्या आतल्या मुलालाही विकता येतो, ज्याला स्वयंपाकघरातली सुरी विकता येत नाही. जर्मनीने २००८ पासून एका हाताने उघडून अडकणारे चाकू कारणाशिवाय बाळगायला बंदी केली. म्हणजे त्यांनी लांबीबरोबर वेगही मोजला. जपानात सहा सेंटिमीटर ही रेषा, घडीच्या काही प्रकारांना थोडी ढील. भारताच्या शस्त्र नियमांत तलवारी, खंजीर, गुप्त्या यांच्या पंक्तीला ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू बसवलेत. पण घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी बनवलेले त्यातून वगळलेत. विमानाचं तर वेगळंच. अमेरिकेने मार्च २०१३ मध्ये जाहीर केलं की अगदी छोटे चाकू प्रवाशांना बरोबर नेऊ देऊ. विमानातले कर्मचारीच विरोधात उभे राहिले आणि जूनमध्ये तो विचार गुंडाळावा लागला. बंद नळीत आठ-दहा तास अनोळखी माणसांना सांभाळायचं काम ज्यांच्याकडे आहे त्यांचं म्हणणं मला तरी पटतं.

पण ही सगळी मोजमापं ओलांडली की प्रत्येक कायदा शेवटी एकाच प्रश्नाशी येऊन उभा राहतो. कशाला लागतो तुला? इंग्लंडच्या १९५३ च्या कायद्यात हे फार स्वच्छ मांडलंय. जी वस्तू इजा करण्यासाठीच बनवली आहे ती हत्यार. जी तशी बदलून घेतली आहे तीही हत्यार. आणि मुळात साधी असलेली कोणतीही वस्तू, बाळगणाऱ्याच्या मनात इजा करायचा हेतू असेल तर, तीही हत्यारच. तीन इंचांच्या आतला, बिनकुलपाचा, सगळ्या मापांत बसणारा चाकूसुद्धा मग वाचत नाही. तपासणीत कुणी विचारलं आणि पोराने सांगितलं, "कुणी अंगावर आलं तर असावा म्हणून," की पेन्सिलीच्या चाकूचं हत्यार झालं. पातं तेच राहतं, बदलतं फक्त उत्तर.

आणि आमच्या घरात सगळ्यांनी मिळून तिला तेच उत्तर पढवलं. शाबासकी देऊन.

हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी त्या काकांवर मनातल्या मनात चरफडले. पण ते सोपं होतं. कारण मीही तिच्या वयाची असताना रात्रीच्या रस्त्यावरून एकटी येताना खिशातला हात बाहेर काढत नसे. मुठीत काय असायचं ते सांगायला नको. उघडलेला नसायचा तो, मिटलेलाच. आणि माझ्या त्या चाकूची रिव्हेट इतकी सैल होती की त्याने कुणाला घाबरवण्याआधी तो माझ्याच बोटांवर मिटला असता. तरी हात तिथे असायचा. त्या हाताचं मी पुष्कळदा निरीक्षण केलंय. हात खिशात असला की खांदे वर चढतात. चाल बदलते. मागून येणाऱ्या पावलांचा आवाज जास्त मोठा ऐकू येतो. समोरून येणाऱ्या प्रत्येक माणसाला मी तो जवळ येण्याआधीच एकदा शत्रू ठरवून मोकळी झालेली असायची. पळायला दोन्ही हात मोकळे हवेत, ओरडायला छाती मोकळी हवी, आणि मी दोन्ही एका गंजक्या पट्टीभोवती आवळून चालायची. भीती खोटी नव्हती. रस्ता खरंच अंधारा होता. चाकूने मात्र तो उजळला नाही.

म्हणून भाचीला "घाबरू नकोस" असं मी सांगत नाही. ते सांगण्याचा अधिकार रस्त्यांना आहे, मला नाही. मी सांगते ते वेगळं. भीतीसाठी जे काही करायचं ते कर: सोबत बघ, वेळ बघ, फोन कर, गाडी थांबव, बोंब मार, पळ. त्या यादीत हा चाकू नको. छोटं पातं भांडणात कामाचं नसतं. ते काढायला दोन हात लागतात, उघडायला नख लागतं, आणि ज्याच्या अंगात जास्त जोर आहे त्याच्या हातात जायला त्याला क्षण पुरतो. शिवाय एकदा पातं दिसलं की समोरच्यालाही मागे फिरणं अवघड होतं. जे शिवीगाळीवर मिटलं असतं ते मिटत नाही. तिने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, माझ्या मनात हे नव्हतंच. तुम्ही सगळे मिळून आणताय." बरोबर होतं तिचं. मी गप्प बसले आणि पेन्सिल तासून दे म्हणाले.

तिच्या चाकूबद्दल घरात दुसरा वाद आहे तो दाखवण्या-न-दाखवण्याचा. माझ्या बहिणीचं मत, तो असा दडवावा की कुणाला कळताच कामा नये. मला हे पटत नाही. जपानच्या किरकोळ गुन्ह्यांच्या कायद्यात तर, योग्य कारणाशिवाय पातं लपवून बाळगणं हाच गुन्हा आहे. सहा सेंटिमीटरच्या आतलं असलं तरी. लपवलेल्या वस्तूबद्दल लपवणाऱ्याच्या मनातही काहीतरी वाकडं तयार होतं. पण मिरवणंही नको. चालता चालता उघडझाप करत राहणारी मुलं मला दिसतात. टक्क, टक्क, टक्क. त्यांना कंटाळा आलेला असतो, बस्स, पण शेजारी बसलेल्या बाईच्या पोटात गोळा येतो. तिच्याही पोटातल्या गोळ्याची किंमत आहे. म्हणून भाचीची जी पद्धत हळूहळू बसली ती मला आवडते. चाकू खिशाच्या तळाशी, रुमालाजवळ. खिशाच्या काठावर क्लिप चमकवत नाही. काम असलं तरच बाहेर. अनोळखी माणसांत असली तर आधी तोंडाने सांगते, "थांबा, माझ्याकडे चाकू आहे, कापून देते," आणि मग काढते. पातं जमिनीकडे, काम झालं की लगेच मिटवून आत. कुणी मागितला तर मिटलेला देते. उघडा द्यायचाच असला तर मूठ पुढे करून, आणि समोरच्याने "घेतला" म्हटल्याशिवाय बोटं सोडत नाही. स्काउटमधल्या मुलांना शिकवतात तसं, पातं उघडण्याआधी मिटलेला चाकू धरून हात लांब करून स्वतःभोवती फिरवायचा. त्या रिंगणात कुणी येत असेल तर उघडायचा नाही. खोलीत हे करताना ती जरा वेडी दिसते, पण करते.

मुठीचा रंगसुद्धा केवढं काम करतो! तिच्या चाकूची मूठ लाकडी आहे, वापरून काळपट झालेली. लोक तो हातात घेऊन म्हणतात, "अरे वा, छान आहे." तेवढंच पातं काळ्या, खरबरीत, दातेरी मुठीत असतं तर हेच लोक दोन पावलं मागे सरकले असते. मला वाटतं लोक याबाबतीत अगदीच चुकत नाहीत. काळ्या मुठीचे ते चाकू बनवणाऱ्यांनीही गिऱ्हाइकाला पेन्सिल दाखवून विकलेले नसतात.

शाळेचा मामला मात्र वेगळा, आणि तिथे तिचा माझ्यावर राग आहे. शाळा-कॉलेजात चाकू न्यायचा नाही म्हणजे नाही, चित्रकलेचा तास असला तरी. जिथे शेकडो मुलं एका आवारात असतात तिथे एकीच्या समजूतदारपणावर नियम बेतता येत नाही. ती उलट मला कॅनडाचं उदाहरण देते. तेही मीच सांगितलेलं. माँट्रियलमध्ये २००१ साली बारा वर्षांच्या एका शीख मुलाचं कृपाण शाळेच्या मैदानात कपड्यांतून खाली पडलं. आधी शाळा मंडळाकडून तोडगा निघाला होता की त्याने ते कपड्यांच्या आत बंदिस्त ठेवावं. मग त्या शाळेच्याच व्यवस्थापन समितीने तो नाकारला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मार्च २००६ मध्ये निकाल मुलाच्या बाजूने लागला. अटी अशा: कृपाण कपड्यांच्या आत, लाकडी म्यानात, म्यान जाड कापडात गुंडाळून शिवलेलं, शाळेला वाजवी रीतीने तपासता येईल असं. न्यायालयाने असंही नोंदवलं की शीख मुलं कॅनडाच्या शाळांत शंभर वर्षं येतायत आणि कृपाणाने हिंसा झाल्याची एकही घटना नोंदलेली नाही. आणि ज्याला इजाच करायची आहे त्याला शाळेतच कात्र्या, पेन्सिली आणि बॅटी मिळतात. भाचीला हे शेवटचं वाक्य तोंडपाठ आहे. मी तिला म्हणते, बाई गं, तो श्रद्धेचा प्रश्न होता आणि त्याचं पातं शिवून बंद होतं. शिवून बंद केलेल्या चाकूने तू पेन्सिल कशी तासणार? यावर तिच्याकडे उत्तर नसतं, पण चेहऱ्यावर पटल्याचं चिन्हही नसतं. शाळेच्या दिवशी ती चाकू दारापाशी ठेवते आणि टोकयंत्र नेते. संध्याकाळी आली की दिवसभरात मोडलेली टोकं मला दाखवते.

सध्याचा नवा विषय कुलपाचा आहे. तिला लाकूड कोरायचंय. छोटे प्राणी, चमचे, असलं काहीतरी. आणि बिनकुलपाचं पातं कोरताना बोटावर मिटतं, हे मला कुणी सांगायची गरज नाही. ओपिनेलने १९५५ साली मुठीच्या गळ्याशी फिरणारं कडं बसवलं ते त्याचसाठी. फिरवलं की पातं मिटत नाही. बोटांच्या दृष्टीने कुलपाचा चाकू चांगला. पण इंग्लंडसारख्या ठिकाणी तोच चाकू खिशात असला तर उत्तर द्यावं लागणार. जे कडं बोट वाचवतं तेच मालकाला अडकवतं, हा विरोधाभास तिला मान्यच होत नाही. "म्हणजे कायद्याला माझं बोट तुटलेलं चालेल?" असं ती विचारते, आणि मला कायद्याची बाजू घ्यायचा कंटाळा येतो. शेवटी आम्ही असं ठरवलंय की कोरायला घडीचा नकोच. आखूड पात्याचा, न मिटणारा, जाड लाकडी मुठीचा कोरीवकामाचा सुटा चाकू घ्यायचा; तो म्यानात घालून लाकडाच्या ठोकळ्यांबरोबर एका पेटीत राहील आणि पेटी टेबलाखाली. बाहेर न्यायचीच वेळ आली तर पेटीसकट. खिशात मात्र जुनाच, पेन्सिलीचा. बहिणीने हे मान्य केलंय, पण तिला त्या पेटीला कुलूप हवंय आणि किल्ली तिच्याकडे. भाचीला ते बिलकूल नकोय. माझं मत दोघीही मागतायत, आणि मी अजून दिलेलं नाही.